मेकरस्पेसमध्ये पहिल्यांदा जाताना

दर रविवारी सकाळी मी पुण्यातल्या एका सामायिक वर्कशॉपमध्ये नव्याने येणाऱ्यांना हत्यारांची ओळख करून देते. बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "इथे थ्रीडी प्रिंटर आहे ना?" आहे. पण मी आधी विचारते, "तुमच्या घरात सध्या काय मोडलंय?" ज्यांच्याकडे या प्रश्नाचं उत्तर असतं, ते महिनाभरात काहीतरी बनवून घरी नेतात. ज्यांच्याकडे नसतं, ते कुठूनतरी डाउनलोड केलेला छोटासा हत्ती छापतात, फोटो काढतात आणि पुढच्या रविवारी दिसत नाहीत. मला ते फार लागतं, कारण हत्ती छापणाऱ्याच्या हातातही तेवढंच कसब असतं. म्हणून हा लेख मोडलेल्या वस्तूपासूनच सुरू करते.

ही जागा म्हणजे नेमकं काय

मेकरस्पेस, हॅकरस्पेस, फॅब लॅब, टिंकरिंग लॅब अशी बरीच नावं कानावर पडतील. एकट्याला परवडणार नाहीत आणि दोन खोल्यांच्या घरात मावणार नाहीत अशी हत्यारं पाच-पन्नास जणांनी मिळून वापरायची जागा, एवढाच त्या सगळ्यांचा अर्थ. लेझर कटर (प्रकाशकिरणाने कापणारा), थ्रीडी प्रिंटर (वितळलेल्या प्लास्टिकचे थर रचून वस्तू बनवणारा), सीएनसी राउटर (संगणकाच्या हुकमाने लाकूड कोरणारा), बेंच ड्रिल (टेबलावर बसवलेलं भोक पाडायचं यंत्र), सोल्डरिंगचं म्हणजे धातू वितळवून तारा जोडायचं टेबल, कुठे वेल्डिंग, कुठे शिलाई मशीन, आणि भिंतीवर ओळीने टांगलेले पाने, पकडी, कानशी, पटाशा. हॅकरस्पेसचा ओढा इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणकाकडे असतो. बर्लिनमधली सी-बेस १९९५ पासून चालू आहे आणि तिच्यासारख्या जागा पाहूनच पुढे अमेरिकेत अशी वर्कशॉपं निघाली. फॅब लॅब ही कल्पना अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाचे नील गर्शेनफेल्ड यांची. '(जवळजवळ) काहीही कसं बनवायचं' या नावाचा वर्ग त्यांनी १९९८ मध्ये सुरू केला, आणि त्यातून पुढे लॅब उभ्या राहिल्या.

आणि हे प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं: एमआयटीच्या बाहेरची जगातली पहिली फॅब लॅब २००२ मध्ये आपल्या पाबळला सुरू झाली, शिरूर तालुक्यातल्या विज्ञान आश्रमात. तिच्यानंतर बॉस्टन, घाना, नॉर्वे अशी साखळी वाढत गेली. पाबळची निवड उगाच झाली नव्हती. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी मुंबईतली संशोधनाची मोठी नोकरी सोडून १९८३ मध्ये तिथे आश्रम सुरू केला होता. शाळा सुटलेली, परीक्षेत नापास झालेली खेड्यातली मुलं वेल्डिंग, सुतारकाम, वायरिंग, शेती आणि पशुपालन प्रत्यक्ष करत शिकत होती, गावाची कामं करत होती. लेझर आणि सर्किटची यंत्रं पोचली तेव्हा 'याने काय बनवायचं' हा प्रश्न तिथे कुणाला पडला नाही, कारण गावाच्या अडचणी आधीच दारात उभ्या होत्या.

खरं तर आपल्याकडे गावोगावच्या लोहारसाळेत हेच चालायचं. फाळ घेऊन आलेला शेतकरी बाजूला बसून राहत नसे, भाता ओढायला बसे. लोखंड कधी लाल होतं, कधी पिवळं, घाव कधी घालायचा, हे त्याला बघून बघून कळायचं.

पहिली पायरी: घरातली एक वस्तू हेरा

जाण्याआधी आठवडाभर घरात डोळे उघडे ठेवून फिरा. तुटलेली मूठ, निसटलेला खटका, फ्रीजच्या दाराचा भंगलेला कप्पा, आजोबांच्या काठीचं झिजलेलं टोक, आईला ओट्यावर हवा असलेला पण बाजारात त्या मापाचा मिळत नसलेला डब्यांचा स्टँड. एकच वस्तू निवडा. ती लहान असावी, हातात मावावी, आणि तिच्यात फार तर दोन-तीन भाग असावेत. ड्रोन, रोबोट, इलेक्ट्रिक सायकल हे सगळं पुढे करता येईल.

माझी पहिली वस्तू होती पंख्याच्या जुन्या रेग्युलेटरचं बटण. ते फुटलं होतं आणि सासूबाई पकडीने दांडी फिरवून पंखा कमी-जास्त करत. बटण दहा-वीस रुपयांचं, पण त्या रेग्युलेटरचं काही दुकानात मिळेना. त्याची गोष्ट पुढे सांगते, कारण मोजमाप म्हणजे काय हे मी त्या बटणाकडून शिकले.

काही वस्तू मात्र पहिल्यांदाच काय, कधीच अशा बनवू नका. कुकरचे भाग, गॅसची बटणं आणि नळीचे जोड, हेल्मेट, लहान मुलाच्या तोंडात जाणारं काहीही. थ्रीडी प्रिंटरमध्ये बहुतेक ठिकाणी पीएलए नावाचं प्लास्टिक असतं आणि ते साठेक अंश सेल्सिअसला मऊ पडायला लागतं. मे महिन्यात नागपूरला उन्हात लावलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला मोबाइल स्टँड संध्याकाळपर्यंत वाकलेला मिळतो.

दुसरी पायरी: जागा शोधा

जगभरच्या फॅब लॅबची यादी फॅबलॅब्स डॉट आयओ या संकेतस्थळावर नकाशासह मिळते. फॅब लॅब हे नाव लावायचं तर आठवड्यातला काही वेळ तरी ती सर्वांसाठी खुली असावी, असा संकेत आहे. तेव्हा विचारायला अजिबात संकोच करू नका. मुंबईत विद्याविहारच्या सोमय्या संकुलात रिडल नावाची अशी जागा आहे आणि 'मेकर मेळा' तिथेच भरतो. मेकर्स असायलम ही मेकरस्पेस २०१३ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि आता गोव्यात आहे. तिची सुरुवातही मोडतोडीतूनच झाली: एका ऑफिसचं छत कोसळलं, फर्निचर मोडलं, आणि ते पुन्हा बनवायला जमलेली मंडळी नंतरही भेटत राहिली. २०२० च्या टाळेबंदीत याच लोकांनी देशभरातल्या अशा वर्कशॉपांना जोडून घेत फेस शील्ड बनवली, लाखोंच्या संख्येने. एक साधं डिझाइन, लेझर कटर असलेली प्रत्येक जागा आणि स्थानिक हात, इतक्यावर ते जमलं.

गावात किंवा लहान शहरात असाल तर जवळच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे का, ते विचारा. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून देशभरात अशा दहा हजार प्रयोगशाळांना मदत दिली, दर शाळेला २० लाखांपर्यंत. त्या सहावी ते बारावीच्या मुलांसाठी असल्या, तरी मुख्याध्यापकांना भेटून "आम्ही शनिवारी मुलांना शिकवायला येतो, आम्हालाही शिकू द्या" असं म्हटलं तर दार उघडतं, असा माझा अनुभव आहे. आयटीआयमधल्या जुन्या निदेशकांना भेटा, इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपच्या सरांना भेटा. कपाटात बंद पडून राहिलेली यंत्रं तिथे पुष्कळ असतात.

तिसरी पायरी: पहिल्या भेटीत फक्त बघा

पहिल्या दिवशी काही बनवायचा हट्ट नको. तासभर थांबा. जमिनीवर भुसा साठलेला आहे का? पाने आपापल्या खुंटीला आहेत का? बिघडलेल्या मशीनवर 'बंद आहे' असा कागद कुणी चिकटवलाय का, की लोक तसंच वापरतायत? आग विझवायचा सिलिंडर कुठे आहे, प्रथमोपचाराची पेटी उघडून बघितली तर आत पट्ट्या आहेत का? जागा चांगली की वाईट, ते यंत्रांच्या किमतीपेक्षा या गोष्टींवरून लवकर कळतं.

मग पैशांचं विचारा, स्पष्टपणे. दिवसाचे किती, महिन्याचे किती, यंत्राच्या तासाचे वेगळे आहेत का, माल आपण आणायचा की तिथे मिळतो, बिघाड झाला तर खर्च कुणाचा. वर्षाची फी एकदम भरू नका. अमेरिकेतली टेकशॉप ही या क्षेत्रातली सर्वांत गाजलेली साखळी. २००६ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये अचानक बंद पडली. आगाऊ पैसे भरलेले सभासद दाराबाहेर राहिले. अशी वर्कशॉपं चालवणं फार कठीण असतं: भाडं, वीज, लेझरची ट्यूब, मोडणारी ड्रिल बिट्स (ड्रिलला लावायची भोक पाडणारी टोकं). महिन्याच्या महिन्याला फी द्या, पण वेळेवर द्या.

चौथी पायरी: मोजा, काढा, पुठ्ठ्यावर करून बघा

नवखे इथेच घाई करतात आणि माझा सगळा जीव इथेच अडकलेला आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

एक व्हर्निअर कॅलिपर (जबड्यात वस्तू धरून बारीक माप घ्यायचं हत्यार) विकत घ्या. या सगळ्या उद्योगात स्वतःचं असं एकच हत्यार घ्यायचं असेल तर हे. आकडे दाखवणारा डिजिटल स्वस्त मिळतो आणि मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवतो. प्रत्येक माप तीन वेळा घ्या आणि तिन्ही वहीत लिहा.

माझ्या रेग्युलेटरची दांडी 'डी' आकाराची होती, म्हणजे गोल, पण एका बाजूने सपाट तासलेली. मेन स्विच बंद करून मोजली: व्यास ६ मिलिमीटर, सपाट बाजूकडून ४.५. मी तसंच्या तसं ६ चं भोक काढलं, छापलं, आणि बटण बसेना. जोर लावला तर चिरलं. शेजारच्या टेबलावर एक निवृत्त टर्नर, म्हणजे लेथवर धातू कातणारे, काका बसले होते. त्यांनी बटण हातात घेतलं, भोकात नख फिरवलं आणि म्हणाले, "पोरी, सहाच्या दांडीला सहाचं भोक कधी असतं का? हवेला जागा ठेव." प्रिंटरमधून निघणारं प्लास्टिक थोडं आत फुगतं, त्यामुळे भोक काढलेल्या मापापेक्षा लहान होतं. मग आम्ही एक छोटी पट्टी छापली, त्यात चार भोकं: ६.१, ६.२, ६.३, ६.४. दांडीवर एकेक घालून बघितलं. ६.१ जाईना, ६.४ डुगडुगलं, ६.२ घट्ट, ६.३ अंगठ्याने दाबल्यावर टक् करून बसलं. ते बटण अजून त्या रेग्युलेटरवर आहे.

अशी चाचणीची पट्टी प्रत्येक नव्या यंत्रावर आधी काढा. एका प्रिंटरचं ६.३ दुसऱ्याचं ६.२ असू शकतं.

लेझरचंही तसंच. बाजारात ३ मिलिमीटर म्हणून मिळणारा एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) मोजला तर २.७ किंवा २.८ भरतो. शिवाय लेझरचा किरण स्वतःच्या जाडीइतका माल जाळून टाकतो, साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर. एकमेकांत अडकणाऱ्या दातांची पेटी करायची तर हे दोन्ही आकडे हिशेबात धरावे लागतात, नाहीतर पेटी एकतर बसत नाही किंवा हातात सुटी होते.

चित्र काढायला पैसे देऊन सॉफ्टवेअर घ्यायची गरज नाही. लेझरसाठी इंकस्केप पुरतं. थ्रीडीसाठी अगदी सुरुवातीला ब्राउझरमध्ये चालणारं टिंकरकॅड, हात बसला की फ्रीकॅड. दोन संध्याकाळी बसलात तर पेटी आणि बटण काढता येतं. मात्र त्याच्याही आधी पुठ्ठा. जुन्या खोक्याचा पुठ्ठा, कात्री, चिकटपट्टी घ्या आणि वस्तू खऱ्या मापात करून बघा, ओट्यावर ठेवून बघा. डब्यांचा स्टँड नळाला आडवा येतो हे पुठ्ठ्यावर कळलं तर नुकसान शून्य. पुण्यात अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि रद्दी कागद यांच्यातून मुलांना विज्ञान शिकवलं. तीच सवय इथे मोठ्यांच्या कामी येते.

पाचवी पायरी: यंत्राची ओळख, आणि सुरक्षितता

चांगल्या जागेत प्रत्येक यंत्राचं वेगळं प्रशिक्षण असतं आणि ते झाल्याशिवाय हात लावू देत नाहीत. "मला येतं हो" असं म्हणून ते टाळू नका. वीस वर्षं लेथवर काढलेले काकाही आमच्याकडे लेझरच्या वर्गाला बसले होते.

थ्रीडी प्रिंटर त्यातल्या त्यात सगळ्यात भोळा. तापलेल्या तोटीला आणि खालच्या पाटाला हात लावायचा नाही, पहिला थर नीट चिकटेपर्यंत समोरून हलायचं नाही. पहिला थर बिघडला तर पुढचे तीन तास फुकट जातात. उभ्या भिंतीपासून ४५ अंशांहून जास्त बाहेर झुकणाऱ्या भागाला खालून आधार लागतो, तेव्हा वस्तू पाटावर कशी आडवी-उभी ठेवायची याचा विचार आधी करा.

लेझर कटर दिसायला गोंडस, पण त्याच्याजवळून एक मिनिटही हलायचं नाही. एमडीएफ आणि अॅक्रिलिक दोन्ही पेटतात. आणि पीव्हीसी त्यात कधीही घालायचं नाही. ते जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, फुप्फुसाला घातक, आणि यंत्राच्या आरशांना व रुळांना गंज चढवणारा. आपल्याकडे अडचण अशी की पीव्हीसी वेगवेगळ्या नावांनी मिळतं: बरंचसं रेक्झिन, फ्लेक्सचा बॅनर, शाळेच्या प्रकल्पाला आणतात तो सनबोर्ड. शंका आली तर शिकवणाऱ्याला तांब्याच्या तारेची चाचणी करून दाखवायला सांगा: तार ज्योतीत लाल करायची, प्लास्टिकला टेकवायची, पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर आत क्लोरीन आहे. तो तुकडा परत पिशवीत.

बेंच ड्रिलवर सर्वांत जास्त इजा होतात त्या दोन कारणांनी: जॉब (ज्याला भोक पाडायचं तो तुकडा) हाताने धरणं आणि काहीतरी गुंतणं. जॉब नेहमी व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या शिकंज्यात आवळा. लहान पत्रा हातात धरून भोक पाडायला गेलं की बिट खाली निघता निघता अडकतं आणि पत्रा पंख्यासारखा गरगर फिरतो. ओढणी घरी ठेवा किंवा काढून खुंटीला लावा. केस बांधून आत खोचा, बांगड्या, अंगठी, घड्याळ काढा, मंगळसूत्र कुर्त्याच्या आत. आणि हातमोजे घालू नका. हे ऐकून प्रत्येक जण चमकतो, पण फिरणाऱ्या बिटात मोज्याचा धागा सापडला तर मागोमाग बोट ओढलं जातं. चकची (बिट धरून ठेवणाऱ्या पकडीची) किल्ली चकमध्येच ठेवून स्विच दाबायचा नाही. 

चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो. त्याचा गार्ड (चाकावरचं संरक्षक आवरण) काढून वापरणारे लोक तुम्हाला रस्त्याकडेच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात रोज दिसतील. तुम्ही तसं करू नका. गॉगल दोन्ही बाजूंनी बंद असलेला. नंबरचा चष्मा म्हणजे गॉगल नव्हे.

सोल्डरिंगला पंख्याखाली न बसता धूर बाजूला ओढला जाईल असं बसा. नेहमीच्या सोल्डरच्या तारेत शिसं असतं, म्हणून काम झाल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय चहाचा कप उचलायचा नाही.

सहावी पायरी: माल

पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सला बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. हत्यारांना आणि नट-बोल्टांना मुंबईत नागदेवी स्ट्रीट. सुताराच्या किंवा जाहिरात बोर्ड करणाऱ्याच्या दुकानात अॅक्रिलिक आणि प्लायचे उरलेले तुकडे किलोवर किंवा फुकटही मिळतात, आणि पहिल्या दोन महिन्यांत तुकड्यांपलीकडे काही लागत नाही. थ्रीडी प्रिंटरचं फिलामेंट (प्लास्टिकची तार) ग्रॅममागे साधारण एक रुपया. माझं बटण सहा ग्रॅमचं होतं.

सातवी पायरी: काम सुरू झाल्यावर

यंत्राची वेळ वहीत लिहून घ्या आणि पाळा. तुमच्यामागे कुणी थांबलं असेल तर शेवटची दहा मिनिटं झाडूसाठी राखून ठेवा. लेझरची जाळी रिकामी, ड्रिलखालचा कीस ब्रशने काढलेला (हाताने कधीच नाही, तो ब्लेडसारखा कापतो), पाना त्याच्या खुंटीला. बिट मोडलं तर लपवू नका. लगेच सांगा, कागद चिकटवा. मोडण्याबद्दल कुणी रागावत नाही, लपवण्याबद्दल मात्र आम्ही सगळेच चिडतो, कारण पुढचा माणूस तेच मोडकं बिट जोर लावून दाबणार असतो.

शेजाऱ्याला विचारा. हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे शिकलेल्या माणसाला फिटरला प्रश्न विचारायला अवघड वाटतं, आणि फिटरला संगणकावर बसलेल्या मुलाला विचारायला. आमच्या टेबलावर दोघं समोरासमोर बसतात. टर्नर काकांना चित्र काढायला एका अकरावीतल्या मुलीने शिकवलं, आणि तिला कानस कशी सरळ चालवायची ते त्यांनी. कानस ओढायची नसते, पुढे ढकलायची असते, मागे येताना उचलायची. तिला हे कळायला एक रविवार गेला.

वस्तू झाली की एक पान लिहा: मापं, माल, कुठे चुकलं, काय बदललं. चित्राची फाइल सगळ्यांना वापरू द्या. माझ्या बटणाची फाइल आतापर्यंत आणखी तीन घरांच्या पंख्यांना लागली आहे, आणि एकीने भोक ६.३५ केलंय तेही त्याच पानावर नोंदवलेलं आहे.

येताना पिशवीत काय

पायाची बोटं झाकणारे बूट घालून या, चप्पल नको. सुती, अंगाबरोबर बसणारे कपडे, बाह्या आखूड किंवा दुमडता येतील अशा. वही, पेन्सिल, पाण्याची बाटली. व्हर्निअर असेल तर तो. एक जुनं फडकं. आणि ती मोडलेली वस्तू, तुटलेल्या तुकड्यांसकट. तुकडे फेकून देऊ नका, त्यांच्यावरूनच माप निघतं.